पॉमेरेनियन की माल्टीज : आधी सासूबाईंना विचारा

प्रश्न : आम्ही चौघे चौथ्या मजल्यावरच्या लहानशा घरात राहतो. मी आणि माझे पती सकाळी ९ वाजता कामासाठी बाहेर पडतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास परततो. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. त्या दिवसभर घरीच असतात. गुडघेदुखी सोडली तर त्यांची प्रकृती चांगली आहे. मुलगी ९ वर्षांची असून तिला धुळीची अ‍ॅलर्जी आहे. गेली दोन वर्षे तिने कुत्र्यासाठी हट्ट धरला आहे आणि आता आम्हीही तयार झालो आहोत. घर लहान असल्यामुळे छोट्या जातीचेच पिल्लू आणायचे, एवढे नक्की आहे. मुलीला पॉमेरेनियन हवे आहे, मला माल्टीज आवडते. एका विक्रेत्याने ६ आठवड्यांचे ‘टीकप’ पॉमेरेनियन दाखवले. ते मोठेपणीही एक किलोच्या आतच राहील, असे तो सांगतो. दोन्ही जाती एवढ्याशाच असतील तर निवड नेमकी कशावरून करायची? आणि निर्णय होतच नसेल, तर दोन्ही पिल्ले आणावीत का?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. मुलीला काय हवे आहे, तुम्हाला काय आवडते आणि विक्रेता काय म्हणतो, हे सगळे त्यात आहे. मात्र ज्यांच्या सोबतीने हे कुत्रे रोजचे साडेनऊ तास काढणार आहे, त्या तुमच्या सासूबाईंचे मत त्यात कोठेही नाही. कागदोपत्री ते कुत्रे मुलीचे असेल, पण दुपारी ते ज्यांच्या पायाशी झोपेल, दारावरची घंटा वाजल्यावर ज्यांच्याकडे पाहून भुंकेल आणि पाण्याचे भांडे रिकामे झाले की ज्यांच्या पदराशी घुटमळेल, त्या सासूबाई आहेत. त्यामुळे या दोन जातींची तुलना मी त्यांना मध्ये ठेवूनच करणार आहे. माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचणे सोपे जाईल. तुमच्या घरासाठी मी माल्टीज सुचवीन, आणि शक्य असेल तर पिल्लू न आणता दोन-तीन वर्षांचे, वाढ पूर्ण झालेले कुत्रे आणा. तुम्हाला दाखवलेले ते टीकप पिल्लू मात्र कोणत्याही परिस्थितीत आणू नका.

त्या पिल्लाविषयी आधी लिहिते, कारण दुकानात उभे असताना असा निर्णय पाच मिनिटांत होऊन जातो. टीकप नावाची कोणतीही जात नाही. जगातल्या कोणत्याही मोठ्या श्वानसंघटनेच्या नोंदवहीत ती सापडणार नाही. तो केवळ विक्रीसाठी वापरला जाणारा शब्द आहे. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकानुसार पूर्ण वाढलेल्या पॉमेरेनियनचे वजन १.४ ते ३.२ किलो असते, म्हणजे मुळातच हे कुत्रे अतिशय लहान आहे. त्याहूनही लहान आकार मिळवायचा तर प्रत्येक वेतातली सर्वांत खुरटी पिल्ले निवडून त्यांचीच आपसात पैदास करावी लागते, किंवा पिल्लाला अर्धपोटी ठेवावे लागते, किंवा त्याचे वय खोटे सांगावे लागते. यांपैकी कोणताही मार्ग त्या जिवाच्या भल्याचा नाही. अशा पिल्लांमध्ये टाळू न भरणे, डोक्यात पाणी साठणे, हृदयाची रचना सदोष असणे या गोष्टी अधिक आढळतात. याशिवाय ६ आठवड्यांच्या पिल्लाचे मोठेपणीचे वजन छातीठोकपणे सांगणे कोणालाही शक्य नाही. जो ते सांगतो, त्याच्या इतर शब्दांवरही विश्वास ठेवू नये.

वयाचा मुद्दा तितकाच गंभीर आहे. कोणतेही पिल्लू किमान ८ आठवडे आईजवळ राहायला हवे, आणि इतक्या लहान जातींच्या बाबतीत तर जबाबदार पैदासकार ते १० ते १२ आठवड्यांचे होईपर्यंत हातचे सोडत नाहीत. खेळताना किती जोराने चावायचे आणि कोठे थांबायचे, हे पिल्लू भावंडांकडून आणि आईच्या गुरगुरण्यातून शिकते. तो धडा न शिकताच घरी आलेले पिल्लू पुढे मुलांच्या हातांवर तो गिरवते. दुसरे कारण शरीराचे आहे. चिमुकल्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो; काही तास पोटात अन्न गेले नाही, थंडी वाजली किंवा दगदग झाली, तरी रक्तातली साखर एकदम उतरते. पिल्लू लटपटू लागते, मान टाकते आणि वेळेवर लक्ष गेले नाही तर दगावते. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळून त्याला तातडीने पशुवैद्याकडे न्यावे लागते. हे सगळे ओळखण्याची आणि धावपळ करण्याची जबाबदारी दुपारच्या वेळी ७२ वर्षांच्या एकट्या बाईंवर टाकणे न्यायाचे नाही.

आता खऱ्या निवडीकडे वळते. दोन्ही जाती दिसायला एवढ्याशा आणि केसाळ असल्या तरी त्यांचे पूर्वज वेगवेगळ्या कामांसाठी जोपासले गेले आणि तो फरक आजही त्यांच्या वागण्यात उतरलेला आहे. पॉमेरेनियन हे स्पिट्झ घराण्यातले सर्वांत लहान भावंड आहे. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पॉमेरेनिया प्रदेशावरून त्याला नाव मिळाले. त्याचे पूर्वज आकाराने बरेच मोठे होते आणि राखण करणे हा त्यांचा स्वभाव होता. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून मार्को नावाचे एक लहान पॉमेरेनियन आणले, आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये लहान आकाराची आवड वाढत जाऊन आजचा चिमुकला पॉमेरेनियन घडला. शरीर आक्रसले, पण आतला राखणदार तसाच राहिला. माल्टीजची गोष्ट निराळी आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात दोन हजारांहून अधिक वर्षे अशी पांढरी, रेशमी केसांची छोटी कुत्री माणसांच्या सोबतीला आहेत आणि सोबत करणे हेच त्यांचे काम राहिले आहे.

तुमच्या घरात याचा अर्थ असा होतो. चौथ्या मजल्यावर दिवसभरात लिफ्टचे दार कितीतरी वेळा उघडते, जिन्यात पावले वाजतात, शेजारची घंटा वाजते. पॉमेरेनियनच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट घरच्यांना कळवण्याजोगी बातमी असते आणि ती ते खणखणीत, उंच आवाजात कळवते. हा दोष नव्हे. ज्या एकट्या माणसाला दारावर कोणीतरी लक्ष ठेवावे असे वाटते, त्याच्यासाठी ते वरदान आहे. दोनदा भुंकल्यावर थांबायचे, हे त्याला लहानपणापासून शिकवताही येते. पण त्यासाठी दररोज, प्रत्येक वेळी आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रीतीने वागावे लागते. सासूबाईंना दुपारी झोपेची सवय असेल किंवा कर्कश आवाजाने त्यांचे डोके दुखत असेल, तर हा विचार निर्णायक ठरावा. माल्टीजही भुंकते, कोणी तुम्हाला ते अजिबात भुंकत नाही असे सांगितले तर विश्वास ठेवू नका. परंतु त्याचे लक्ष दारापेक्षा आपल्या माणसाकडे अधिक असते. ते खोलीतून खोलीत मागे मागे फिरते, मांडी मिळाली की तेथे स्थिरावते आणि एकटे ठेवले तर फार कष्टी होते. दोघेही नोकरीला जाणाऱ्या आणि दिवसभर कुलूप असलेल्या घराला मी माल्टीज कधीच सुचवले नसते. तुमच्या घरी मात्र सासूबाई आहेत, आणि याच कारणाने तराजूचे पारडे माल्टीजकडे झुकते.

केसांच्या बाबतीत बहुतेक लोकांचा अंदाज चुकतो, म्हणून येथे थोडी सविस्तर लिहिते. पॉमेरेनियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वर सरळ, राठ केस आणि आत दाट, लोकरीसारखी लव. ही लव वर्षातून साधारण दोनदा भरपूर झडते, मादीचा माज संपल्यावरही झडते आणि उरलेल्या दिवसांत थोडी थोडी गळतच असते. आठवड्यातून दोन-तीनदा नीट ब्रश केला तरी ओंजळभर गुंतवळ निघते, आणि जी निघत नाही ती गादीवर, पडद्यांवर आणि काळ्या कपड्यांवर सापडते. पिल्लू ४ ते ६ महिन्यांचे झाले की त्याचे बालपणीचे जावळ गळून ते काही काळ अगदी केविलवाणे दिसते. अनेक जण त्या वेळी आजार समजून घाबरतात, पण ती नैसर्गिक अवस्था आहे.

तुमच्या मुलीने बहुधा गोल चेहऱ्याच्या, टेडी बेअरसारख्या दिसणाऱ्या पॉमेरेनियनची छायाचित्रे पाहिली असतील. ते रूप बऱ्याचदा कात्रीने किंवा यंत्राने केस बारीक कापून आणलेले असते. दोन थरांच्या केसांवर यंत्र फिरवून ते कातडीजवळ कापले, तर काही कुत्र्यांचे केस पुन्हा पूर्वीसारखे येत नाहीत. जागोजागी विरळ राहतात किंवा महिनोन्‌महिने येतच नाहीत. शिवाय या जातीत केस गळून कातडी काळपट पडण्याचा एक विकार आढळतो आणि त्याचे नेमके कारण अजून हाती लागलेले नाही. उन्हाळ्यात त्याला गार वाटावे म्हणून भादरणे हेही चुकीचे आहे, कारण तेच केस त्याचे उन्हापासून रक्षण करत असतात. पॉमेरेनियन आणायचे असेल, तर त्याच्या केसांसकट आणि गळतीसकट ते स्वीकारायला हवे.

माल्टीजला आतली लव जवळपास नसते. एकाच थराचे रेशमी केस माणसाच्या केसांसारखे वाढत राहतात, फारसे गळत नाहीत. पण गळत नाहीत म्हणूनच गुंततात. मोकळे सोडले तर ते जमिनीला टेकतात आणि मग दररोज फणी हवीच. कानांमागे, काखेत आणि पट्टा घासतो त्या जागी दोन दिवसांत जटा होतात. त्या ओल्या झाल्या की आणखी घट्ट बसतात, म्हणून अंघोळीनंतर नव्हे तर अंघोळीच्या आधी सगळा गुंता सोडवायचा असतो. ब्रश वरवर फिरवून केस छान दिसले तरी कातडीलगत गाठी तशाच राहतात. त्यासाठी धातूची बारीक दातांची फणी मुळापर्यंत गेली पाहिजे. तुमच्यासारख्या घराने हे ओझे घेऊच नये. माल्टीजचे केस सर्वांगावर दोन-तीन सेंटिमीटर ठेवून दर ६ ते ८ आठवड्यांनी कापून घ्यावेत. आत लव नसल्यामुळे त्याने काही बिघडत नाही, आणि मग आठवड्यातून तीनदा दहा मिनिटे फणी फिरवली तरी पुरते. सासूबाईंना खुर्चीत बसून, कुत्र्याला मांडीवर घेऊन हे काम करता येईल, आणि माझा अनुभव असा की याच कामातून त्या दोघांची गट्टी जमेल. डोळ्यांखाली तांबूस डाग पडतात, ते ओल्या मऊ फडक्याने रोज पुसावेत. पाणी अचानक जास्त येऊ लागले तर मात्र डोळा दाखवून घ्यावा.

मुलीच्या अ‍ॅलर्जीसंबंधी एक गैरसमज दूर करायला हवा. माल्टीजला अनेक जण अ‍ॅलर्जी न देणारे कुत्रे म्हणतात, पण असे कोणतेही कुत्रे नसते. त्रास केसांमुळे होत नाही. कुत्र्याची लाळ, कातडीचा कोंडा आणि लघवी यांतल्या प्रथिनांमुळे तो होतो, आणि ती प्रथिने प्रत्येक कुत्र्यात असतात. केस कमी गळाले म्हणजे त्रास होणारच नाही, असे गृहीत धरू नका. मुलीला धुळीची अ‍ॅलर्जी आहे म्हणजे कुत्र्याचीही असेलच असे नाही, आणि नसेलच असेही नाही. कुत्रे घरी आणण्याआधी तिच्या डॉक्टरांशी बोला, आणि जे कुत्रे आणायचे असेल त्याच्याच सहवासात तिला दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी निदान तासभर बसू द्या. शिंका, डोळ्यांची खाज किंवा रात्रीचा खोकला दिसला तर तेथेच थांबा. घरी आणलेल्या कुत्र्याला चार महिन्यांनी परत पाठवण्यापेक्षा आधीच थांबणे मुलीलाही कमी दुखवणारे असते.

आता ९ वर्षांची मुलगी आणि ३ किलोचा जीव यांच्याविषयी. या दोन्ही जातींच्या पुढच्या पायांची हाडे पेन्सिलीएवढी बारीक असतात. माझ्या परिचयाच्या एका घरात एक छोटे कुत्रे सोफ्यावरून, म्हणजे जेमतेम दीड फुटावरून, उडी मारताना पडले आणि मनगटाच्या वर त्याची दोन्ही हाडे मोडली. अशा लहान जातींमध्ये हा अपघात पशुवैद्यांना नेहमीच पाहावा लागतो. त्या जागेला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे हाड सावकाश जुळते, आणि अनेकदा शस्त्रक्रिया करून हाडाला धातूची पट्टी बसवावी लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम घालून द्या : मुलीने कुत्र्याला उभ्याने उचलायचे नाही, जमिनीवर बसायचे आणि ते मांडीवर येईल तेव्हा घ्यायचे. सोफ्याला व पलंगाला लागून उतरता फळा किंवा कमी उंचीच्या पायऱ्या ठेवा. ते जेवताना किंवा झोपलेले असताना हात लावायचा नाही, आणि ते उठून निघून गेले तर मागे लागायचे नाही, हेही तिला शिकवा. छोट्या कुत्र्याच्या गुरगुरण्याला मोठी माणसे गंमत समजून हसतात, पण ते गुरगुरणे ‘मला सोडा’ एवढेच सांगत असते; त्याकडे दुर्लक्ष झाले की पुढची पायरी चावण्याची असते. पॉमेरेनियन या बाबतीत थोडे अधिक तापट असते. माल्टीज अधिक सोसते, पण म्हणून त्याला अधिक सोसायला लावू नये.

सासूबाईंच्या बाबतीत माझी मोठी काळजी पडण्याची आहे. पायात घुटमळणारे लहान कुत्रे दिसत नाही आणि दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस चटकन तोल सावरू शकत नाही. कुत्र्याच्या गळ्यात एक छोटे घुंगरू बांधा, रात्री मार्गिकेत मंद दिवा ठेवा आणि खाण्या-पिण्याची भांडी स्वयंपाकघराच्या वाटेवर न ठेवता एका कोपऱ्यात ठेवा. त्यांना वाकावे लागू नये म्हणून दिवसाचे खाणे सकाळी तुम्ही आणि संध्याकाळी मुलीने देण्याची व्यवस्था करा. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दोन वेळचे खाणे पुरते. दोन्ही जातींना घरातल्या ठरावीक जागी, पसरट ट्रेमध्ये लघवी करण्याची सवय लावता येते, त्यामुळे दुपारी कोणी खाली घेऊन जाण्याची गरज राहणार नाही. सकाळ-संध्याकाळचे वीस-तीस मिनिटांचे फिरणे मात्र तुम्ही पती-पत्नींनी वाटून घ्या. ते सासूबाईंवर सोपवू नका. समोरून मोठे कुत्रे आले तर ३ किलोचे पॉमेरेनियनसुद्धा त्याच्यावर धावून जाते, आणि त्या एका हिसक्याने त्या पडू शकतात.

पिल्लाऐवजी मोठे कुत्रे सुचवण्यामागे हेच कारण आहे. पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला लागते, जागेपणी तास-दोन तासांनी ठरलेल्या जागी न्यावे लागते, ते चुकले की पुसावे लागते, वायरी आणि चपला त्याच्या तोंडातून काढाव्या लागतात. दिवसातून पंचवीस वेळा वाकण्याचे हे काम नेमके त्या साडेनऊ तासांत येते. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचे वजन ठरलेले असते, स्वभाव समोर दिसतो, गुडघे आणि हृदय तपासून कळतात आणि बहुधा जागेवर जाण्याची सवयही लागलेली असते. जबाबदार पैदासकार आपल्याकडची काही कुत्री पैदाशीतून निवृत्त झाल्यावर चांगल्या घरी देतात. घरमालक बदलल्यामुळे किंवा स्थलांतरामुळे नवे घर शोधणारी कुत्रीही असतात, आणि प्राणी सांभाळणाऱ्या संस्थांकडे विचारणा करून ठेवल्यास काही महिन्यांत योग्य कुत्रे मिळू शकते. त्यांचा जीव नव्या घरात लागत नाही, ही समजूत खरी नाही. काही आठवडे ती बावरलेली असतात, एवढेच. या जातींची कुत्री साधारण १२ ते १५ वर्षे जगतात, त्यामुळे तीन वर्षांचे कुत्रे आणले तरी तुमच्या मुलीचे शालेय शिक्षण संपेपर्यंत ते तिच्यासोबत असण्याची चांगली शक्यता आहे.

कुत्रे पक्के करण्याआधी तुमच्या स्वतःच्या पशुवैद्याकडून, विकणाऱ्याच्या नव्हे, त्याची तपासणी करून घ्या. दोन्ही जातींत मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा दोष सर्रास आढळतो. चालता चालता कुत्रे मध्येच एक पाय उचलून दोन-चार पावले तीन पायांवर उड्या मारत जाते, हे त्याचे लक्षण आहे. पशुवैद्य हाताने तपासून त्याची १ ते ४ अशी श्रेणी सांगतात; पहिल्या श्रेणीत बहुधा वजन आटोक्यात ठेवणे पुरते, वरच्या श्रेणींत शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. माल्टीजमध्ये यकृताला वळसा घालून रक्त थेट पुढे नेणारी जन्मजात रक्तवाहिनी असू शकते. वाढ खुंटणे, खाल्ल्यानंतर सुस्त किंवा गोंधळल्यासारखे होणे ही त्याची चिन्हे असून, उपाशीपोटी आणि खाल्ल्यानंतर रक्तातली पित्ताम्ले तपासून त्याचा अंदाज घेता येतो. पिल्लूच घ्यायचे ठरले तर ही तपासणी आवर्जून करा. पॉमेरेनियनमध्ये श्वासनलिका दबण्याचा त्रास अधिक दिसतो. उत्तेजित झाल्यावर बदकासारखा, घोगरा, कोरडा खोकला आला तर तिकडे लक्ष द्या. दोघांच्याही गळ्यातल्या पट्ट्याला दोरी अडकवून ओढू नये, छातीभोवती बसणारा हार्नेसच वापरावा.

आणि दात. ज्या जबड्यात ४२ दात मावायचे आहेत, तो जबडा या कुत्र्यांमध्ये काडेपेटीहून फार मोठा नसतो. दात दाटीवाटीने येतात, दुधाचे दात वेळेवर पडत नाहीत, फटींत अन्न अडकते, आणि काळजी घेतली नाही तर बरीच कुत्री उतारवयाआधीच दात गमावतात. कुत्र्यांसाठीच्या टूथपेस्टने रोज दात घासण्याचे काम मी तुमच्या मुलीला देईन. माणसांची टूथपेस्ट मात्र वापरू नका.

सासूबाईंच्या गुडघेदुखीच्या गोळ्या कोठे असतात, हेही पाहून ठेवा. माणसांच्या अंगदुखीवरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना अपाय करतात, आणि साठ किलोच्या माणसासाठी बनवलेली एक गोळी ३ किलोच्या कुत्र्याच्या पोटात गेली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. खाली पडलेली गोळी आपल्याला सापडण्याआधी कुत्र्याला सापडते. औषधांचा डबा झाकणाचा आणि उंचावर हवा. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) घातलेली च्युइंगगम यांपैकी काहीही त्याला देऊ नये, हे घरातल्या प्रत्येकाला आणि येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

दोन्ही आणावीत का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. निर्णय होत नाही हे दुसरे कुत्रे आणण्याचे कारण होऊ शकत नाही. दोन पिल्ले एकदम आली की ती एकमेकांत रमतात आणि माणसांकडून शिकत नाहीत. खर्च, दात, फणी, लशी सगळे दुप्पट होते आणि सासूबाईंच्या पायांत घुटमळणारे जीवही दोन होतात. वर्ष-दीड वर्षाने सगळे सुरळीत असेल आणि सासूबाईंनीच विषय काढला, तर त्या वेळी जरूर विचार करा.

मुलीच्या मनातल्या पॉमेरेनियनला मी कमी लेखत आहे, असे तिला वाटू देऊ नका. माझ्या घरी १४ वर्षे पॉमेरेनियन होते आणि त्याच्या शेपटीच्या तुऱ्याची मला अजूनही आठवण येते. ते कुत्रे चपळ आहे, हुशार आहे, नव्या गोष्टी भराभर शिकते. सासूबाईंना जिवंत, बोलके कुत्रे आवडत असेल, आवाजाचा त्रास होत नसेल, घरभर पडणाऱ्या केसांची सगळ्यांची तयारी असेल आणि मुलीला त्याचा त्रास होत नसेल, तर दोन-तीन किलोचे, निरोगी, वाढलेले पॉमेरेनियन आणण्यास माझी मुळीच हरकत नाही. म्हणून सासूबाईंना बरोबर घेऊन दोन्ही जातींची कुत्री प्रत्यक्ष पाहून या. त्यांना खुर्चीत बसू द्या, कुत्र्याला हाक न मारता मोकळे सोडा आणि अर्धा तास कोणी काही बोलू नका. ते त्यांच्याजवळ येऊन बसते का, त्या त्याला हात लावतात का, भुंकल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात का, हे पाहा. मुलीलाही हे पाहायला सांगा. आजीला कोणते आवडले हे ओळखण्याचे काम तिला दिले, तर आपले म्हणणे डावलले गेले असे तिला वाटणार नाही. त्या दिवशी कुत्रे घेऊन येऊ नका. दोन रात्री जाऊ द्या आणि मग कळवा.

त्या दोन दिवसांत बाल्कनीच्या गजांमधले अंतर मोजून घ्या. मांजराएवढ्या कुत्र्याचे डोके जेथून जाते तेथून त्याचे अंगही जाऊ शकते, आणि तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता. गजांना खालून निदान तीन फुटांपर्यंत बारीक जाळी लावून झाल्यावरच कुत्र्याला घरात आणा.